चित्रातलं माळरान

नेत्रा भोईर माझ्या समोरच्या दारात राहते. बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्यात. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ती आणि तिचे वडील जनूभाऊ. मी अंबरनाथच्या शाळेत मराठी शिकवायचे, आता निवृत्त आहे. नेत्रा मला संजीवनी मावशी म्हणते. बिल्डिंगमध्ये तिची ओळख "ती कॉम्प्युटरवर कायतरी करते ना, ती" एवढीच आहे. तिने काय केलं आणि तिच्याशी कोण कसं वागलं, ते मी जवळून पाहिलं.

भोईर मूळचे सोनिवलीचे, आगरी. त्यांच्या भातखाचरांवर आता टॉवर उभे आहेत. नेत्रा लहान असताना जनूभाऊ सुट्टीच्या दिवशी तिला घेऊन निघायचे. कधी बारवी धरणाकडे, कधी कोंडेश्वरच्या रानात. कुठे जायचं ते आधी ठरवायचं नाही, हा त्यांचा एकच नियम. समोर दोन वाटा आल्या की कुठली घ्यायची ते पोरीने सांगायचं. एकदा ती रडायला लागली, बाबा, आपण वाट चुकलो. जनूभाऊ खडकावर बसले, बिडी पेटवली आणि म्हणाले, "चुकली तं चुकली. दिस हाये अजून." मग त्यांनी तिथेच तिला करवंदाची जाळी दाखवली. हा किस्सा नेत्राने मला इतक्यांदा सांगितलाय की तो माझ्यासमोरच घडल्यासारखा वाटतो.

पोरगी चित्रं फार सुंदर काढायची. उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये, रोहरा शेठ म्हणून एका सिंधी माणसाचा लग्नाचे अल्बम आणि व्हिडिओ करायचा स्टुडिओ होता. तिथे ती कामाला लागली. नवरा-नवरीच्या मागे खोटे धबधबे आणि खोटे राजवाडे चिकटवायचं काम. शेजारच्या खुर्चीवर अनुया बसायची. अनुया अंबरनाथ पूर्वेची, इंजिनिअर झालेली, नोकरी सुटली म्हणून तात्पुरती तिथे आलेली. दोघींची अशी गट्टी जमली की शेठ म्हणायचे, "अरे साईं, तुम दोनों का डब्बा भी एक ही मंगवा दूं क्या?"

त्या खुर्च्यांवर बसूनच दोघींनी एक व्हिडिओ गेम करायचा ठरवला. नेत्रा चित्रं काढणार आणि गोष्ट लिहिणार, अनुया तो चालता करणार. नोकरी सांभाळून, सुट्ट्या मोडून, त्यांनी काही वर्षं त्यात घातली. गेमचं नाव 'कातळवाडी'.

मला गेममधलं काही कळत नव्हतं. पण तयार झाल्यावर नेत्राने तिचा लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवला, कुठलं बटण दाबलं की चालते आणि कुठलं दाबलं की बोलते ते दाखवलं, आणि ती निघून गेली. गोष्ट साधी होती. कातळवाडी नावाच्या डोंगरातल्या गावाची विहीर एका दिवसात आटते. जनी नावाची मुलगी पाणी कुठे गेलं ते शोधायला निघते. बस. कुठे जायचं ते सांगणारा बाण नाही, नकाशा नाही. लोक भेटतात, त्यांना विचारायचं. एखादा खरं सांगतो, एखादा झोपेत असतो म्हणून काहीतरी सांगतो, एखादी म्हातारी आधी मोळी उचलून दे म्हणते.

मी नदीपाशी अडकले. पाण्याला ओढ फार. जनी उतरली की वाहून जायची आणि पुन्हा काठावर यायची. मी वैतागून समोरचं दार वाजवलं. म्हटलं, "अगं, ही नदी काही पार होत नाही."

नेत्रा हसली. "मग नका जाऊ ना मावशी. दुसरीकडे जा."

मी दुसरीकडे गेले. डोंगराच्या मागे एक मिठागर लागलं, तिथे मीठ ओढणारी काशी भेटली. तिने जनीला पोहायला शिकवलं. तोवर मला विहिरीचा विसरच पडला होता. मी परत नदीवर आले आणि सहज पार झाले. नंतर कळलं की नदी ओलांडायच्या आणखीही वाटा होत्या. कुणी उतार शोधला, कुणी डोंगराला वळसा घातला. वाट अवघड झाली की माणसाने भटकावं, भटकताना शिकावं, असा तो खेळ होता. मी चाळीस वर्षं मुलांना जे सांगू पाहत होते, ते या पोरीने खेळात करून दाखवलं होतं. तसं मी तिला बोलूनही दाखवलं.

'कातळवाडी' काही घराघरात पोचली नाही. पण ज्यांना आवडली त्यांना वेड लागल्यासारखी आवडली. केरळमधून, पोलंडमधून लोक लिहायचे. कुणी मिठागरातच घर केल्यासारखा राहिला होता, विहिरीकडे परत गेलाच नव्हता. नेत्रा ते वाचून दाखवायची तेव्हा अनुया इथेच, माझ्या सोफ्यावर, मांडी घालून बसलेली असायची आणि म्हणायची, "बघ, मी सांगत होते ना, हेच लोकांना हवं असतं." हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय.

मग एका कंपनीचं बोलावणं आलं. दुसरा भाग काढा, आम्ही पाठीशी उभे राहतो. दोघींनी रोहरा शेठचा स्टुडिओ सोडला. अनुयाने अंबरनाथच्या घरातली एक खोली ऑफिस केली. कंपनीशी बोलणी तीच करायची, कारण नेत्राला इंग्रजीतल्या मीटिंगांचा धसका. पहिल्याच आठवड्यात कंपनीने विचारलं होतं, दुसऱ्या भागात रस्ता जरा सरळ करता येईल का? नेत्रा म्हणाली, मग तो आपला खेळ राहणार नाही. अनुया म्हणाली, "अगदी. मी सांगते त्यांना. तू फक्त काढत राहा."

त्याच सुमारास नेत्राच्या आईचं दुखणं वाढलं. किडनी. हॉस्पिटलच्या फेऱ्या, डायलिसिस. नेत्राचं अंबरनाथला जाणं थांबलं. ती आईच्या पलंगाशेजारी बसून काढायची. दुसऱ्या भागात गावाच्या वर, डोंगरावर, एक अफाट माळरान होतं, त्याला तिने मोरमाळ नाव दिलं होतं. सगळी गोष्ट त्या माळावर पसरायची होती. त्यात पडकं देऊळ होतं, मीठ वाहणाऱ्या बैलांचा जुना रस्ता होता, मासळी सुकवणाऱ्या बायका होत्या, आणि उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की तळात एक सबंध गाव दिसणारं तळं होतं. जनूभाऊ शेजारी बसून सांगायचे, "ऐनाचा झाड आसा सरल नसतं गो. खोडाला भेगा घाल." आणि ती घालायची. आई डोळे मिटून ऐकत असायची. एकदा म्हणाली, "त्या तल्यावर मना बसव." नेत्राने तळ्याच्या काठी एक बाई बसवली, निळ्या पातळात, पाय पाण्यात सोडलेली. खेळणारा तिच्यापाशी गेला की ती म्हणणार होती, "बस जरा."

आई गेली. दहाव्याला अनुया आली होती. नेत्राच्या गळ्यात पडून रडली. जाताना म्हणाली, "माळावरची अजून काही दृश्यं दे ना. जेवढी देशील तेवढी हवीत." नेत्राला त्या दिवसांत त्याचाच आधार होता. ती काढत राहिली. मध्येमध्ये फोनवर विचारायची, माळ कसा दिसतोय चालताना? अनुया म्हणायची, "कमाल दिसतोय. एकदम तयार झाला की दाखवते, अर्धवट नको बघूस."

पावसाळा संपता संपता कंपनीने दुसऱ्या भागाची जाहिरात केली. पोस्टरवर सगळा मोरमाळ पसरलेला, तळं, देऊळ, ढग. खाली लिहिलेलं, 'जग मोठं झालंय.' नेत्राने मला आणि जनूभाऊंना ते दाखवलं. जनूभाऊ पोस्टरमधल्या तळ्याकडे बघत राहिले.

थोड्याच दिवसांनी लोकांना चाखून बघायला म्हणून पहिला तुकडा फुकट खुला झाला. अनुयाने कळवलं नव्हतं. नेत्राला तो नेटवर दिसला. सकाळी तिने माझं दार वाजवलं. "मावशी, या ना. दुसरा भाग आलाय. बाबापण बसलेत."

मी चहाचा कप घेऊनच गेले. जनूभाऊंनी चष्मा पुसून घेतला होता.

जनी गावातून निघाली. पडद्यावर वरच्या कोपऱ्यात एक पिवळा बाण चमकत होता. नेत्राच्या कपाळावर आठी आली. "हा बहुतेक सुरुवातीपुरता असेल," ती म्हणाली. गावातल्या माणसांशी बोलावं तर प्रत्येक जण एकच वाक्य सांगत होता, घाटाने वर जा. घाट चढला. दोन्ही बाजूंना कडे, मधून वाट. वाटेत कोल्हे आले, त्यांना मारायचं. मग पुन्हा वाट, पुन्हा कोल्हे. नेत्रा पटापट बटणं दाबत होती, तिला वर पोचायचं होतं.

आणि मग माळ आला. खरंच सांगते, माझा चहा तसाच राहिला. एवढं मोकळं, एवढं गवत, लांब कडेला चमकणारं तळं. जनूभाऊ पुढे वाकले. "थे बघ. बसलीय."

खरंच, काठावर निळा ठिपका दिसत होता.

नेत्राने जनीला बाणाची वाट सोडून तळ्याकडे वळवलं. जनी चार पावलं चालली आणि थांबली. तिचे पाय हलत होते, पण ती पुढे सरकत नव्हती. समोर काहीच नव्हतं, नुसतं गवत. नेत्राने थोडं डावीकडून प्रयत्न केला, मग उजवीकडून, मग मागे जाऊन देवळाच्या दिशेने. सगळीकडे तेच. काचेला चिमणी धडकावी तशी जनी धडकत होती. आणि प्रत्येक धडकेला एक आवाज येत होता, जनीच्या मनातला म्हणून.

"तिकडे काही नाही. पुढे चल."

आवाज अनुयाचा होता.

नेत्राने आणखी एकदा धडक दिली. "तिकडे काही नाही. पुढे चल." मग तिने बटणावरून हात काढला. जनूभाऊ अजून पडद्याकडेच बघत होते. त्यांना कळलं नव्हतं. ते म्हणाले, "जा ना थयं. काय झाला?"

"जाता येत नाय बाबा," नेत्रा म्हणाली. "नुसतं चित्र हाय."

ती उठून स्कूटीची चावी शोधायला लागली. मी म्हटलं, गाडी तू चालवायची नाहीस, मी येते. खाली येऊन रिक्षा केली. तिने रिक्षावाल्याला अंबरनाथचा, अनुयाच्या घराचा पत्ता सांगितला.

अनुयाने दार उघडलं. आमच्या तोंडाकडे बघून तिला कळलंच.

"खेळलीस?"

"माळ कुठंय?"

"आत या ना आधी. मावशी, बसा. पाणी देऊ?"

"माळ कुठंय, अनुया?"

"आहे ना. सगळीकडून दिसतो."

"दिसतो," नेत्रा म्हणाली.

अनुया खुर्चीत बसली. तिनेही मनाशी तयारी केलेली असावी, कारण ती न अडखळता बोलायला लागली. पहिल्या भागात नदीपाशी आलेल्यातले अर्ध्याहून जास्त लोक तिथेच खेळ सोडून गेले होते. कंपनीकडे त्याचे आकडे होते. लोकांना थकून घरी आल्यावर हरवायचं नसतं, कुठे जायचं ते कळायला हवं असतं. सगळ्यांनी 'बस जरा' ऐकण्यासाठी तळं शोधत बसावं, ही अपेक्षा चूक होती. ती जे बोलत होती ते काही अगदी खोटं नव्हतं. मीही त्या नदीवर चिडले होतेच.

"ठीक आहे," नेत्रा म्हणाली. "सोपा करायचा होता. मग घाटात एवढे कोल्हे कशाला?"

"रस्ता सरळ केला की खेळ लवकर संपतो. लांबवायला काहीतरी लागतं. पुढे तर आणखी अवघड आहे. शेवटचा वाघ पहिल्या फटक्यात कुणालाच मारता येत नाही."

"आणि नाही मारता आला तर माणसाने जायचं कुठं?"

"कुठं म्हणजे? परत प्रयत्न करायचा."

"नदी अडली तर माणूस डोंगरावर जात होता. कुणाला तरी भेटत होता. आता एकाच दारावर डोकं आपटायचं. सोपा कुठे केलास तू? जायची जागा तेवढी काढून घेतलीस."

अनुयाने उठून पाण्याचे दोन पेले आणून ठेवले.

"कधी ठरलं हे?"

"मागच्या वर्षी. काकू आजारी होत्या तेव्हा."

"मग मला काढायला का सांगत राहिलीस?"

"पार्श्वभूमीला लागणार होतीच चित्रं. पोस्टरला लागणार होती." ती थांबली. "आणि सांगितलं असतं तर तू सोडून गेली असतीस."

"आईला मी तिथं बसवलंय, तुला माहीत होतं."

"म्हणून तर ती काढून टाकली नाही मी. कंपनी म्हणत होती काढून टाका, कुणी जाणारच नाही तिथे. मी भांडून ठेवली."

मला वाटलं नेत्रा आता ओरडेल. तिने एवढंच विचारलं, "आणि आवाज? तो तरी दुसऱ्या कुणाचा घ्यायचास."

"वेळ नव्हता. मीच करून टाकला."

मग नेत्रा म्हणाली, "आपण दोघींनी ठरवलं होतं ना गं. कॅम्प पाचमध्ये बसून. आपला खेळ कुणाला हाताला धरून नेणार नाही."

आणि तेव्हा अनुया जे बोलली, ते माझ्या मते तिला बोलायचं नव्हतं. ती रडवेली झाली होती. "तू ठरवलं होतंस, नेत्रा. मी हो म्हणत होते. मला ते भटकणं कधीच आवडलं नाही. मला कंटाळा यायचा. 'कातळवाडी' मी स्वतः एकदाही शेवटपर्यंत खेळलेली नाहीये. मला काम हवं होतं, आणि तू मला आवडायचीस."

नेत्रा उठली. चप्पल घातली. जिन्यात तिने कठडा धरला आणि मला म्हणाली, "मावशी, माळ गेला ते चालेल. पण ती पहिल्यापासूनच..." वाक्य अर्धवट टाकून ती खाली उतरली.

दुसरा भाग चांगला चालला. पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त लोकांनी खेळला, आणि बऱ्याच जणांना आवडलाही. शेवटच्या वाघाला मारल्याचे व्हिडिओ लोक अभिमानाने टाकत होते. पहिल्या भागाचे जुने खेळाडू मात्र चिडले. पोलंडच्या एकाने लिहिलं, तुम्ही आम्हाला खिडकीतून जग दाखवलं आणि दार भिंतीवर रंगवलं. नेत्राने त्याला उत्तर दिलं नाही. तिने दिलेली चित्रं करारानुसार आता कंपनीची होती. परत मागायची सोयच नव्हती. खेळाच्या शेवटी जी नावं येतात त्यात 'पार्श्वचित्रे' या शब्दापुढे तिचं नाव आहे.

मध्ये न दिसणारी काच आहे, असं नेत्राने जनूभाऊंना समजावलं होतं. ते काही दिवस रोज विचारायचे, झाली का ती काच दूर? मग विचारेनासे झाले.

नेत्रा आता अंबरनाथच्या एका क्लासमध्ये चित्रकला शिकवते. मुलं तिच्यावर खूश आहेत. पण तिच्यात एक गोष्ट आलीय. कुणी तिच्या कामाला छान म्हटलं की ती त्या माणसाच्या तोंडाकडे बघत राहते, जरा जास्तच वेळ. समोरचा अवघडतो. क्लासच्या यशोधरा मॅडम मला एकदा म्हणाल्या, "नेत्राला कौतुक केलेलं आवडत नाही का हो?"

गेल्या उन्हाळ्यात अनुया आली. न कळवता. जिन्यातच दोघींची गाठ पडली, मी दार लावून घेणार होते पण नेत्रा म्हणाली, "थांबा मावशी."

अनुया बारीक झाली होती. ती म्हणाली, तिसरा भाग करायचाय. लोकांनी एवढा आरडाओरडा केला की कंपनीने ठरवलंय, यावेळी सगळं मोकळं ठेवायचं. मोरमाळ पूर्ण उघडायचा. बाण काढून टाकायचे. "तुझ्या मनासारखं होईल सगळं. तळ्यापर्यंत जाता येईल. तू ये परत. प्लीज."

नेत्राने तिच्याकडे नीट पाहिलं. "तुला आवडतं आता ते? भटकणं?"

अनुयाने पर्सचा पट्टा सारखा केला. मग म्हणाली, "लोकांना हवंय."

"मग कर तू."

"नेत्रा, काकूंसाठी तरी..."

"आईचं नाव नको घेऊस. चहा पिऊन जाणार का?"

अनुया चहा न घेता गेली. नेत्रा कठड्यापाशी उभी राहून ती गेटबाहेर पडेपर्यंत बघत होती. मला वाटलं तिला बरं वाटलं असेल, निदान थोडं. ती वळली आणि तिने माझ्याकडे तशीच नजर लावली, जशी हल्ली सगळ्यांकडे लावते.

"मावशी, खरं सांगा. तुम्हाला आवडला होता ना पहिला भाग? का मी शेजारची म्हणून?"

"आवडला होता गं," मी म्हटलं. "खूप आवडला होता."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी नजर हलवली नाही. मग तिने मान डोलावली, आत गेली आणि दार लावून घेतलं. तिला पटलं की नाही, ते मला अजून कळलेलं नाही.